पिंजऱ्यातील लावा आणि बंधाचा दोष

परसदारी लावे पाळणाऱ्या गृहस्थाच्या व्यवहारात राज्यसंस्थेने किती लक्ष घालावे, हा प्रश्न भारतात मुख्यतः पक्ष्याच्या कुळाचा प्रश्न म्हणून हाताळला गेला आहे. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने रानातील लाव्यांना संरक्षण दिले. परंतु बाजारात बटेर म्हणून ओळखला जाणारा जपानी लावा पिढ्यानपिढ्या माणसाळलेला असून, 1970 च्या दशकात इज्जतनगरच्या सरकारी पक्षी संशोधन संस्थेने तो पालनासाठीच परदेशातून आणला होता. तरीही 2011 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्याच्या पालनाच्या नव्या परवान्यांना मनाई केली आणि पुढे ती उठवली. या साऱ्या काळात वर्गीकरण तेवढे बदलले. पिंजरा होता तसाच राहिला.

जैन आचारशास्त्र कुळ विचारत नाही. तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या अहिंसाणुव्रताचे, म्हणजे मर्यादित स्वरूपात पाळावयाच्या अहिंसाव्रताचे, पाच अतिचार सांगितले आहेत. अतिचार म्हणजे व्रत पुरते न मोडता त्याला मलिन करणारा दोष. आणि त्यांतील पहिलाच दोष बंध, म्हणजे जीवाचा संचार अडविणे, हा आहे. प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमातील अकरावे कलम या दृष्टीच्या जवळ येते, कारण हालचालीस अपुरा पडणारा पिंजरा ते अपराध मानते. मात्र त्याची हरकत बंधाला नसून बंधाच्या मापाला आहे, हा भेद किरकोळ नव्हे.

तथापि जपानी लाव्याच्या बाबतीत व्रताचीही अडचण होते. पाळीव निपजीत या पक्ष्याची अंडी उबविण्याची प्रवृत्ती जवळजवळ लोपली असून, सतराअठरा दिवसांत फुटणारी त्याची अंडी बहुधा यंत्रातच उबवावी लागतात. पक्ष्यांना मुक्त आकाशात उडण्याचा हक्क आहे, असे गुजरात उच्च न्यायालयाने 2011 मध्ये म्हटले. पण ज्याची वंशपरंपराच माणसाच्या हाती गेली आहे, त्याला सोडून देणे हे बहुधा मरणाच्या स्वाधीन करणेच ठरते, शिवाय रानातील सजातीयांशी संकर होण्याची भीती उरते ती वेगळीच. येथे बंध तारांपेक्षा खोल, निपजीतच शिरलेला आहे. त्यामुळे त्याचा दोष एकट्या पाळणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. ज्या राज्यसंस्थेने हा पक्षी आणून त्याची पैदास वाढविली, तिला पालनाचे नियम करताना केवळ परवाने देणाऱ्या तटस्थ पंचाची भूमिका घेता येणार नाही.