पिशवीतली मुळं

मागच्या पावसाळ्यात सीवूड्सला आमच्या सोसायटीच्या गेटजवळचा सोनमोहर रात्रीत आडवा झाला. "वारा केवढा होता!" सगळे म्हणाले. सकाळी दूध आणायला उतरलो तर बुंधा उघडा पडलेला. वीस वर्षांचं झाड, पण बुडाशी जाड मुळं चुंबळीसारखी एकमेकांभोवती वळलेली. आकार अजून नर्सरीच्या काळ्या पिशवीचाच.

१९९० साली फळबागेची सरकारी योजना आली आणि कोकणात कलमांना मागणी वाढली. आप्पांनीही परसात पिशव्या भरल्या. लाल माती, शेणखत, आत आंब्याची कोय. कोय रुजली की पंधरवड्याच्या आत कलम बांधायचं. एका साली तीनशे कलमं खपली नाहीत, पिशवीतच राहिली. मूळ सरळ खाली जातं, तळाला अडलं की गोल फिरायला लागतं. वर पालवी मात्र हिरवीगार.

पुढच्या वर्षी गिऱ्हाईक तीच मागू लागलं. मी म्हटलं, "आप्पा, उंच आहेत, भाव जास्त येईल."

"दिसतात रे झाक. दहा-पंधरा वर्सांनी पडलं तर तो शिव्या वाऱ्याला घालील. मला कोण धरणार? म्हणून तर नाय विकायची."

आई संतापली. "पोराच्या फीचं काय?" तिचंही खोटं नव्हतं. शेवटी घरच्या तांदळाची दोन पोती विकून माझी फी भरली. आप्पांनी पिशव्या फाडल्या, वळलेली मुळं कोयत्यानं छाटली आणि कलमं आमच्याच वरकस जमिनीत लावली. काही मेली, काही जगली.

माप कमी भरलं तर गिऱ्हाईक तिथंच हात धरतं. मुळातली खोट दिसेपर्यंत विकणारा कधीच निघून गेलेला असतो. पण घेणारा तरी काय बघतो? आता मुळं वळू नयेत म्हणून आतून उभ्या कडा असलेले, तळाला भोक असलेले साचे मिळतात. खाली हवा लागली की मुळाचं टोक सुकतं आणि बाजूला नवी मुळं फुटतात. तरी नर्सरीत आपण पहिली विचारतो ती उंचीच.

सोसायटी नवी होती तेव्हा झाडं आणायला गेलेल्यांत मी होतो. नर्सरीवाल्यानं दोन सोनमोहर दाखवले. उंच होता त्याच्याकडे बोट मीच दाखवलं. सगळं माहीत असून पिशवी फाडून बघितली नाही.

यंदा त्याच खड्ड्यासाठी रोप आणलं, कमरेएवढं. आधी पिशवी फाडायला लावली. शेजारी म्हणाले, "एवढंसंच?"

मी हो म्हटलं. पडलेलं झाड कुणी निवडलं होतं, ते मात्र अजून सांगितलेलं नाही.