खेळ कुणासाठी मांडायचा?

आमच्या निपाणीच्या जुन्या घरात दुपारची भांडी आटोपली, की आजी ओसरीवर कोळशाने पंचवीस घरांचा पट आखी. समोर येऊन बसे शेजारची अज्जी. आजीचे कन्नड बेताचेच, अज्जीचे मराठीही तेवढेच. पण ‘चौकाबारा’ हा शब्द दोघींचाही. फोडलेल्या चिंचोक्यांचे दान पडे, बांगड्यांच्या काचा सोंगट्या होऊन पुढे सरकत आणि हरलेली दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर होई. या खेळाला पैसा लागत नव्हता. तो कुणी विकतच नव्हते, त्यामुळे तो जुना झाला असे सांगायलाही कुणी येत नव्हते.

हे आठवायला निमित्त झाले गेल्या दिवाळीत. बेंगळुरूला नोकरी करणारा माझा पुतण्या सुटीला आला, तो चार जाडजूड पुस्तके घेऊन. गुळगुळीत कागद, पानोपानी राक्षसांची रंगीत चित्रे. मला वाटले, गोष्टींची पुस्तके असतील. तो म्हणाला, “काका, हा खेळ आहे.”

खेळाचे नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो प्रसिद्ध केला. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचे, प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचे, कुणी योद्धा, कुणी जादूगार. एकाने सूत्रधार होऊन प्रसंग सांगायचा. पुढे काय करायचे ते ज्याने त्याने ठरवायचे, आणि जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. मला कोकणातले दशावतारी आठवले. त्यांचेही कथानक ठरलेले, पण संवाद रंगमंचावर उभे राहिल्यावर सुचायचे.

मी विचारले, “यातून किती वेळा खेळलास?”

तो ओशाळून हसला. “वाचली सगळी, काका. खेळलो तीनदा. माणसंच जमत नाहीत.”

या उत्तराने मला विचारात पाडले. पहिल्या १९७४च्या पेटीत तीन लहान पुस्तिका होत्या. तेवढ्यावर एखादी मित्रमंडळी वर्षानुवर्षे खेळू शकते. खेळणाऱ्याला याहून चांगले काय हवे? पण विकणाऱ्याच्या दृष्टीने हे गिऱ्हाईक एकदाच येणारे. मग नवी आवृत्ती निघते: १९८९, २०००, २००८, २०१४, आणि २०२४मध्ये पुन्हा सुधारलेली पुस्तके. शिवाय मुख्य पुस्तके बहुधा एकटा सूत्रधार विकत घेतो. बाकीच्यांनीही घ्यावीत म्हणून त्यांच्या सोंगांना नवनवी सामर्थ्ये देणारे ग्रंथ निघतात. आणि पुष्कळसे गिऱ्हाईक घरी एकटेच वाचत बसणार असेल, तर पुस्तक वाचायला, पाहायला सुरेख करण्याकडे कल जातो. ऐन खेळात हवा तो नियम चटकन सापडतो का, हा प्रश्न मागे पडतो. यात कुणी दुष्ट नाही. प्रकाशकाला विक्री दिसते. टेबलाभोवतीचे हसणे त्याच्या हिशेबाच्या वहीत येत नाही.

आंबोली घाट उतरला की सावंतवाडी. तिथल्या दशावतारी गंजिफांची एकशेवीस गोल पाने चितारी हाताने रंगवतात. दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकी बारा पाने. दिवसा राम धरणाऱ्याने डाव सुरू करायचा, रात्री कृष्ण धरणाऱ्याने. ही कला मरणपंथाला लागली असता १९७०च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यात तिला आश्रय दिला. आज त्या गंजिफा भेट म्हणून, शोभेची वस्तू म्हणून घेतल्या जातात. विक्रीने चित्र वाचवले, चिताऱ्याचे घर चालवले, हे उपकार लहान नव्हेत. पण डाव मांडू शकणारी माणसे फार थोडी उरली. पाने कपाटात आणि डाव विस्मरणात, अशी ही गत आहे.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी माझेही सांगतो. एका वर्षी शाळेसाठी मी स्वाध्यायपुस्तिका निवडल्या. मुखपृष्ठ देखणे, पालक खूश. वर्षअखेरीस वह्या तपासताना दिसले, की उत्तरे लिहायला ओळी पुरत नव्हत्या आणि निम्म्या मुलांनी पुस्तिका कोरी ठेवली होती. निवडणारा मी, पैसे देणारे पालक, वापरणारी मुले. त्या मुलांना कुणी विचारलेच नव्हते. प्रकाशकाने मला जे आवडते ते दिले. दोष माझ्या पाहण्याचा होता.

मग व्यापार नकोच का? तसे म्हणणारा मी कोण? तुमच्या हातातला हा अंकही जाहिरातींच्या आधाराने निघतो. कारागिराने, लेखकाने पोट भरलेच पाहिजे. त्या अमेरिकन खेळाचीच गोष्ट पाहा. २००० साली त्याच्या कंपनीने मूळ नियम इतरांना वापरायला मोकळे केले. त्यावर इतरांनी आपापल्या कथा लिहिल्या, खेळणारे वाढले. जानेवारी २०२३मध्ये या परवानगीच्या अटी आवळण्याचा कंपनीचा बेत बाहेर फुटला, तेव्हा खेळाडू आणि छोटे प्रकाशक खवळून उठले. त्याच महिन्यात कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियम कायमचे खुले केले. नफा आणि खेळ यांचे वैर अटळ नाही; पण खेळणाऱ्याने बोलावे लागते. नुसता विकत घेणारा उरला, की वस्तू त्याच्या कपाटाच्या मापाची होत जाते.

शाळेत आता मी एक रीत पाडली आहे. कोणतेही पुस्तक घेण्याआधी त्याच्या दोन-चार प्रती आठवडाभर मुलांच्या हाती देतो आणि मग त्यांनाच विचारतो. विक्रेत्याला उशीर होतो, त्याची कुरकुर ऐकून घेतो.

आणि पुतण्याला त्या पाडव्याला म्हणालो, “पुस्तकं राहू दे. तू सूत्रधार हो, आम्ही आहोत.” शेजारची दोन कन्नड मुले आली, आमची नातवंडे बसली. फासे हरवले होते, म्हणून चिंचोके आणले. रात्री दहापर्यंत अर्धे मराठी, अर्धे कन्नड बोलत आम्ही एका गुहेतून बाहेर पडण्याची वाट शोधत होतो. पुस्तक एकदाही उघडावे लागले नाही.