महागाईचा वाटा

महागाईचा दर सरकारी कागदावर एकच असतो, पण प्रत्येक घराला तो वेगळा लागतो. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल याने १८५७ मध्ये बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले. घर जितके गरीब, तितका खर्चातला मोठा हिस्सा अन्नावर जातो, असे त्याला आढळले. पुढे देशोदेशीच्या पाहण्यांनी त्याला दुजोराच दिला. भारतात २०२२-२३ मध्ये झालेल्या कौटुंबिक उपभोग खर्चाच्या पाहणीत शहरांतल्या तळाच्या पाच टक्के लोकांचा दरडोई मासिक खर्च २,००१ रुपये निघाला, तर वरच्या पाच टक्क्यांचा २०,८२४ रुपये. टोमॅटो शंभरी गाठतो तेव्हा वरच्या घरात त्यावर चर्चा होते आणि तळाच्या घरात आमटीला चिंच लागते.

रेशनवरचे धान्य जानेवारी २०२३ पासून पात्र कुटुंबांना मोफत मिळते. प्राधान्य गटातल्या कुटुंबाला माणशी दरमहा पाच किलो आणि अंत्योदय कार्डावर घरटी पस्तीस किलो. हा आधार खरा आहे आणि त्याची टवाळी करणाऱ्यांनी महिनाअखेरीचा रिकामा डबा पाहिलेला नसतो. मात्र आता चिमटा धान्याला कमी आणि इतर गोष्टींना जास्त बसतो. त्याच पाहणीत ग्रामीण भागातही तृणधान्यांवरचा खर्च एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांच्या आसपास होता. तेल, डाळ, दूध, सिलिंडर, खोलीभाडे, औषध, शाळेची फी, मोबाइलचा रिचार्ज यांपैकी जवळजवळ काहीच रेशनवर येत नाही.

अशा वेळी घर काय करते, याचा एक ठरलेला क्रम दिसतो. आधी तूरडाळीच्या जागी मसूर येते, मग आमटी पातळ होते. भाजीतले शेंगदाण्याचे कूट कमी होते. दूध अर्ध्या लिटरवरून पाव लिटरवर येते आणि ते पोरांच्या चहापुरते उरते. सिलिंडर संपत आला की अंघोळीचे पाणी चुलीवर तापते. तेलाचा पाच लिटरचा डबा परवडेनासा होतो, मग किलोची पिशवी येते, मग पाव किलो सुटे तेल, आणि सुट्या मालाला किलोमागे भाव बहुधा जास्तच पडतो. म्हणजे ज्याच्याकडे पैसा कमी, त्यालाच वस्तू महाग मिळते. कंपन्याही हे ओळखून असतात. पाच रुपयांचा बिस्किटपुडा पाचालाच मिळत राहतो, फक्त आतली बिस्किटे कमी होत जातात. सर्वांत शेवटी कात्री लागते ती दवाखान्याला: गुडघा दुखतोय, पण पुढच्या महिन्यात दाखवू.

या क्रमाला काटकसर म्हणतात आणि मराठी मध्यमवर्गाने तिला फार मोठे नैतिक स्थान दिले आहे. काटकसरीचे धडे देणारे लेख मात्र बहुधा अशांनीच लिहिलेले असतात, ज्यांना ती सक्तीने करावी लागलेली नाही. नैतिक प्रश्न काटकसर करावी की नाही हा नाहीच. ती कुणाच्या ताटातून होते, हा आहे. सगळ्यांना वाढून झाल्यावर जेवायला बसणाऱ्या बाईच्या वाट्याला भाजीचा रस्सा आणि तव्यावरची शेवटची भाकरी येते. घरातल्या कुणी तिच्यावर ही सक्ती केलेली नसते. कुणी विचारलेलेही नसते. महागाई घरात शिरल्यावर सर्वांत कमी आवाजाच्या माणसाकडे जाते, आणि तो माणूस तक्रार करत नाही म्हणून घर सुरळीत चालल्यासारखे दिसते.

घराबाहेरही हाच न्याय चालतो. मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळी हे त्याचे ठळक उदाहरण. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार एकेका खोलीत पाळीपाळीने राहत; बायकामुले गावी. त्यांचे जेवण शेजारच्या खोलीतली एखादी बाई रांधत असे. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, पाळी सुटेल तसे वाढायचे, काहींचे डबे भरायचे आणि हिशेब महिन्याच्या पगाराला. तोवरचे पीठ-मीठ ती वाण्याकडून उधारीवर आणी. म्हणजे गिरणी कामगाराच्या महिनाभराच्या जेवणाचे भांडवल गिरणीमालक पुरवत नव्हता, बँकही पुरवत नव्हती. ते ही खानावळवाली पुरवत होती, आणि मुंबईच्या कापडधंद्याच्या कुठल्याच ताळेबंदात तिचे नाव नव्हते.

१९७४ च्या सुरुवातीला गिरण्यांत ४२ दिवसांचा संप झाला. त्याआधी ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर कच्चे तेल काही महिन्यांत चौपट महागले होते, दुष्काळाने धान्य आधीच तुटपुंजे होते, आणि १९७४ मध्ये भारतातली ग्राहक किमतींची वाढ २८ टक्क्यांच्या वर गेली. पगार थांबला, पण पोट थांबत नाही. खानावळवाल्यांनी संपकऱ्यांना जेवू घालणे चालू ठेवले. त्यासाठी कुणी भांडी गहाण टाकली, कुणी दागिना, कुणी सावकाराचे व्याज डोक्यावर घेतले. संप मिटल्यावर कामगाराचा पगार पुन्हा सुरू झाला. बाईच्या डोक्यावरचे व्याज मात्र तसेच राहिले.

गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि गिरणी कामगारांच्या चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी नेमके हे पाहिले आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. खानावळ चालवणाऱ्या बायकांचे गट करायचे, एकीच्या कर्जाला बाकीच्यांनी जामीन राहायचे आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून कमी व्याजाचे कर्ज मिळवायचे, अशी ती पद्धत होती. बँकेच्या लेखी या बायकांकडे तारण नव्हते. एकमेकींचा शब्द हेच तारण ठरले आणि कर्जे फिटली. पुढे १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने गिरणगावच विस्कटून टाकले आणि खानावळीतले जेवणारे गावाकडे परतले. पण त्या पद्धतीने शिकवलेली गोष्ट टिकली: उधारी देणाऱ्यालाही आधार लागतो, आणि तो दयेतून न येता व्यवस्थेतून यावा लागतो.

महागाई घरातून रस्त्यावर आणण्याचे श्रेय मुंबईतल्या बायकांच्या दुसऱ्या एका चळवळीला जाते. १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या कार्यकर्त्या तिच्यात एकत्र आल्या. थाळ्यांवर लाटणी आपटत निघालेले त्यांचे मोर्चे ‘लाटणे मोर्चा’ म्हणून ओळखले गेले. मागण्या साध्या होत्या: रेशनवर पुरेसे धान्य, तेल आणि रॉकेल रास्त भावात, साठेबाजांवर कारवाई. यात नवे हे होते की डब्यातले तेल संपणे हा एका बाईच्या गृहकृत्यदक्षतेचा प्रश्न उरला नाही. कालपर्यंत जी गोष्ट शेजारणीपासून लपवायची होती, ती मंत्र्याच्या दारात वाजवून सांगता आली. लाज वाटायची तर ती कुणाला, याचे उत्तर त्या आवाजाने बदलले.

त्याच काळातल्या दुष्काळात गावांची अवस्था याहून बिकट होती. अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी लोकांनी नाइलाजाने खाल्ली, दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. खडी फोडायला लाखो माणसे उतरली. या अनुभवातून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना विस्तारली. तिची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि ते मागण्याचा हक्क. देशपातळीवर असा कायदा व्हायला २००५ साल उजाडले.

योजनेइतकाच तिचा पैसा कुठून आला हेही महत्त्वाचे. त्यासाठी महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदाराच्या आणि व्यावसायिकाच्या खिशातून थोडी थोडी रक्कम घ्यायची, सरकारने आपली भर घालायची आणि त्यातून दुष्काळी गावातल्या मजुराची मजुरी द्यायची. हा कर आजही आहे. दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाचे २,५०० रुपये पगारातून कापले जातात. पगारपत्रकात ‘पीटी’ या दोन अक्षरांत तो दडलेला असतो आणि बहुतेकांना ती कटकट वाटते. वास्तविक एका वर्गाने दुसऱ्याच्या वाईट दिवसांचा वाटा उचलण्याची महाराष्ट्राने घडवलेली ही एक नेकीची रीत होती. गाजावाजा न करता, घेणाऱ्याला देणाऱ्याचे तोंड पाहायला न लावता.

वाट्याची हीच कसोटी आजच्या सुस्थित घराला लावून पाहता येते. आधी त्या घराच्या पगाराकडे पाहू. दुसऱ्या महायुद्धात किमती चढल्या तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९४० मध्ये महागाई भत्त्यासाठी संप केला होता. त्या पिढीच्या लढ्यांमुळे किमतीबरोबर पगार वाढावा हे तत्त्व रुजले. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा भत्ता आज जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा निर्देशांकाप्रमाणे बदलतो, राज्यांचे आणि बँकांचे कर्मचारी आपापल्या नियमाने तो घेतात. तो मागून घ्यावा लागत नाही, कुणाचे आभार मानावे लागत नाहीत.

त्याच घरात सकाळी भांडी, कपडे आणि फरशीला येणाऱ्या बाईला असा निर्देशांक नसतो. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण पगार ठरतो तो स्वयंपाकघराच्या दारात. तिने वाढ मागितली की ‘दिवाळीला बघू’ हे उत्तर तयार असते. दिवाळीला साडी आणि फराळाचा डबा मिळतो, वाढ पुढच्या दिवाळीवर जाते. ती ज्या दुकानातून तेल घेते तिथला भाव तोच असतो. तिची खोली भाड्याची असते आणि ते भाडे दरवर्षी वाढते. मालकिणीचे घर वाईट नसते. तिने कधी हिशेब मांडलेला नसतो, इतकेच. आणि बाईही आवाज चढवत नाही, कारण चार घरांतले एक सुटले तर मुलाची फी अडते. घरातल्या शेवटी जेवणाऱ्या बाईची गोष्ट इथे पुन्हा घडते, फक्त एका उंबऱ्यापलीकडे.

हे बदलायला ना मोर्चा लागतो ना कायदा. ज्या महिन्यात आपला महागाई भत्ता वाढेल, त्याच महिन्यात, त्याच टक्क्याने, आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईचा, गाडी धुणाऱ्या पोराचा, सोसायटीच्या वॉचमनचा पगार वाढवावा. त्यांनी मागायच्या आत.