उबेची मजुरी

गोधडीविषयी आपल्याकडे जितके गोड लिहिले गेले आहे तितके दुसऱ्या कुठल्याही पांघरुणाविषयी लिहिले गेले नसेल. रगावर कुणी कविता करीत नाही आणि ब्लँकेटला कुणी आईची उपमा देत नाही. गोधडी म्हटली की मात्र आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर, आईचा हात आणि हिवाळ्यातली रात्र ही सामग्री ठरलेली. या गोडव्याविषयी माझी तक्रार नाही. मीही गोधडीतच वाढलो आहे. पण अलीकडे एक प्रश्न मला सोडीत नाही. ज्या कामाला आपण इतक्या मोकळ्या मनाने माया म्हणतो, त्याच कामाची मजुरी ठरविताना आपली जीभ इतकी जड का होते? हा साधा कंजूषपणा आहे, की त्याचे मूळ मायेच्या या स्तुतीतच कुठेतरी आहे?

आधी ते काम काय असते ते पाहिले पाहिजे. सुगी आटोपली, उन्हे तापू लागली आणि रानात फारसे काम उरले नाही की आमच्या मराठवाड्यातल्या बायका गाठोड्यातले जुनेर बाहेर काढतात. विटलेली सुती लुगडी, जीर्ण धोतरे, उसवलेले सदरे धुऊन वाळवायचे, सारवलेल्या जमिनीवर एकावर एक अंथरायचे, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, विरलेल्या जागी ठिगळ द्यायचे आणि मग कडेने धावदोरा घालायला बसायचे. टाके कडेकडेने फिरत, चौकोनात चौकोन काढीत आत सरकतात आणि शेवटी मध्यावर येऊन थांबतात. तोवर बाईची पाठ धरलेली असते आणि बोटाला सुईने घट्टा पाडलेला असतो.

मी शाळामास्तर, हिशेबाची खोड जात नाही. 7 फूट लांब आणि 5 फूट रुंद अशी गोधडी घ्या. दोन ओळींत पाऊण इंचाचे अंतर धरा. पाऊण इंच म्हणजे फुटाचा सोळावा भाग. तेव्हा 35 चौरस फुटांच्या या पटावर दोऱ्याची वाट 560 फूट भरते. इंचाला तीन टाके धरले तर 20,160 टाके झाले. चार-पाच पदरी कापडातून, एका सुईने, हाताने. हे उदाहरण मी एकदा वर्गात घातले, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, आमची आजी याहून दाट घालते." उदाहरण चुकले नव्हते, पण आजीपुढे ते तोकडे पडले खरे!

आता शहरात या. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे कालच्या औरंगाबादच्या वस्त्यांतून खेड्यापाड्यांतल्या काही बाया गोधड्या शिवून देतात. कापड गिऱ्हाइकाचे, सुईदोरा आणि हात त्यांचे. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी आपल्या दिवंगत आईची लुगडी अशाच एका बाईपुढे ठेवली. गृहस्थ मनाचे वाईट नव्हते. लुगडी हातावेगळी करताना त्यांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, "मावशी, आईची आठवण आहे. जरा मायेनं शिवा." बाईंनी मान डोलावली आणि आपली मजुरी सांगितली. ती ऐकताच गृहस्थांचे डोळे कोरडे झाले. एवढ्यात नवे ब्लँकेट येते, असे ते म्हणाले. बाई रागावल्या नाहीत. लुगड्यांवर हात ठेवून म्हणाल्या, "दादा, माय तुमची, लुगडं तुमच्या मायचं. हात तेवढे माजे हायेत. त्याचं बोला."

मला वाटते, या तीन वाक्यांत साऱ्या प्रश्नाची फोड आहे. त्या गोधडीतली माया मुलाची आणि आईची होती. शिवणाऱ्या बाईचा त्या आईशी काही संबंध नव्हता. तिच्याकडून माया मागणे म्हणजे तिच्याकडे नसलेली वस्तू मागणे, आणि ती मिळाली असे समजून, तिच्याकडे असलेल्या वस्तूचे, म्हणजे श्रमाचे, पैसे कापून घेणे.

याच शहरात हिमरू विणला जातो. किनखाब ज्यांना परवडत नसे त्यांच्यासाठी सूत आणि रेशीम एकत्र आणून विणलेले हे वस्त्र. पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणात पैठणी विणतात. तिच्या नावाची भौगोलिक निर्देशांकात नोंद झाली, त्यालाही 2010 पासून बरीच वर्षे लोटली. या दुकानांत घासाघीस होत नाही असे नाही. पण विणकराने पदर मायेने विणावा अशी अपेक्षा कुणी करीत नाही. त्याला किती महिने लागले हे विचारतात आणि त्यावरून किंमत समजून घेतात. विणकाम हा धंदा, आणि गोधडी शिवणे हा मात्र बाईचा स्वभाव! जो गुण स्वभावात आहे असे एकदा ठरले, त्याला दाम कशाला?

हीच बाई 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेली. तेथे ढीग मोजला जाई आणि मापाप्रमाणे पैसे हातावर पडत. पुढे 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. त्या कामावर कष्ट भयंकर होते, मापात फसवणूकही होई. पण खडी मायेने फोड, असे तिला कुणी सांगितले नाही. दगडाने तिला मजूर म्हणून जी ओळख दिली, ती कापडाने दिली नाही.

आपल्या भाषेने यासाठी एक सोयीस्कर शब्द घडविला आहे: मानधन. 1975 पासून अंगणवाड्या चालल्या आहेत. तेथल्या सेविकांना वेतन नव्हे, मानधन मिळते. आमच्याच पेशाला ज्ञानदान म्हणण्याची चाल आहे, आणि विनाअनुदानित शाळांतून कित्येकांनी वर्षानुवर्षे खरोखरच दान केले. शब्दात मान जितका ठसठशीत, तितके धन पुसट.

अंगावर चिंध्यांची गोधडी वागविल्यामुळे लोक ज्यांना गोधडे महाराज म्हणत, त्या गाडगेबाबांची (1876-1956) रीत येथे आठवते. कुणाच्या दारी भाकरी घेण्यापूर्वी ते अंगण झाडीत, नाहीतर लाकडे फोडून देत. फुकटची भाकरी खाऊ नये, हे आपण त्यांच्या नावाने मुलांना शिकवतो. फुकटचे टाके पांघरू नयेत, हेही त्यातच येते; तेवढे मात्र शिकवायचे राहते.

कुणी म्हणेल, मग आईनेही मुलाला बिल द्यावे की काय? घराघरांत चालणाऱ्या देण्याघेण्याला बाजाराचा तराजू लावला तर उरेल काय? शंका खोटी नाही. पैशाने सारे मोजू लागलेले घर मला राहायला नको आहे. पण जुन्या गावात हे काम अगदी बिनहिशेबी होते, ही आपली समजूत तपासून पाहावी. मोठी वाकळ एकटीने होत नसे. आळीतल्या चारजणी चार बाजूंनी बसत. ज्यांची वाकळ, तिने दुपारची भाकरी घालायची आणि नंतर त्यांच्या वाकळेला तितकेच दिवस जायचे. शेतातल्या सावडीसारखीच ही सावड. पैसा मध्ये येत नसे, पण दिवस पाठ असत. ओसरीवर गाणी चालत, हसणेखिदळणे चाले, एकमेकींची दुःखेही त्या टाक्यांबरोबर बाहेर पडत, आणि तरीही कुणाचे कुणाकडे दोन दिवस निघतात हे प्रत्येकीला ठाऊक असे. माया तेथे होती, म्हणून हिशेब बुडत नव्हता. आणि एखादीने आपले दिवस फेडले नाहीत, तर पाणवठ्यावर तिचे नाव पुढच्या उन्हाळ्यापर्यंत निघत असे.