शेजारच्या पंगतीचे काय झाले?

गेल्या वर्षी एक शिक्षक रजेवर होते म्हणून नववीच्या वर्गावर मी गेलो. मुख्याध्यापकाला असा तास मिळाला की बरे वाटते. एरवी आमचा दिवस दाखले आणि पत्रके यांतच जातो. विषय आदिमानवाचा होता. मी वर्षानुवर्षे सांगत आलो तेच सांगितले. युरोप व पश्चिम आशियात निअँडरथल नावाची एक मानवजात राहत होती. सुमारे ४५,००० वर्षांपूर्वी आपले पूर्वज युरोपात पसरू लागले आणि सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी निअँडरथल नाहीसे झाले. अन्नाच्या स्पर्धेत ते मागे पडले. एवढ्यात तिसऱ्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "म्हणजे सर, त्यांच्या वाटणीचे आपण खाल्ले का?"

वर्ग हसला, मीही हसलो, घंटा झाली. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला.

'मागे पडले' हा शब्द आपण फार सहज वापरतो. १८५६ साली जर्मनीतल्या निअँडर खोऱ्यात या लोकांची हाडे सापडली आणि तेव्हापासून त्यांची जी चित्रे निघाली ती बहुतेक वाकलेल्या, केसाळ, मंद माणसाची. हाडांतल्या नत्राच्या तपासणीने या चित्रात भर घातली. क्रोएशियातल्या विंदिया गुहेतल्या हाडांवरून २००० साली असे दिसले की हे लोक लांडग्यासारखे जवळजवळ मांसावरच जगत. आपले पूर्वज मात्र मासे, पक्षी, हाती लागेल ते खात. झाली बोधकथा तयार! हट्टी होता तो मेला, सर्व खाणारा तगला. ही गोष्ट मी स्वतः कितीतरी तुकड्यांना शिकवली आहे आणि ताटात भाजी टाकणाऱ्या मुलांना दटावायलाही वापरली आहे.

पण नत्राच्या पुराव्यात मेख अशी की वनस्पतींत प्रथिने कमी, त्यामुळे माणसाने कंदमुळे भरपूर खाल्ली तरी हाडांत त्याची नोंद फारशी उमटत नाही. २०२५ साली तर काही संशोधकांनी असे सुचवले की साठवून कुजलेल्या मांसातल्या अळ्या खाण्यात आल्या असतील, तरीही नत्राचा आकडा असाच चढलेला दिसेल. (फराळाचे ताट पुढ्यात घेऊन हे वाचणाऱ्यांनी क्षमा करावी.)

मला सर्वांत अधिक गुंतवले ते इराकच्या उत्तरेला कुर्दिस्तानात असलेल्या शानिदार गुहेने. तिथल्या जुन्या चुलींतून जळून कोळसा झालेले अन्नाचे कण मिळाले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता ते रानटी कडधान्यांचे निघाले, भिजवलेल्या आणि कुटलेल्या. हे संशोधन २०२२ साली प्रसिद्ध झाले. कडधान्यांच्या टरफलात कडवटपणा असतो आणि तो भिजवल्याने उतरतो, हे आमच्या आईला कडव्या वालांमुळे ठाऊक होते. ते त्या बायाबापड्यांनाही ठाऊक होते. आता खरी गंमत पुढे आहे. अशा अन्नाचे कण त्याच गुहेत दोन थरांत मिळाले. एक थर सुमारे ७०,००० वर्षांपूर्वीचा, निअँडरथलांचा. दुसरा सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीचा, आपल्या जातीच्या माणसांचा. मधे तीस हजार वर्षे गेली, माणसे बदलली, स्वयंपाकाची रीत मात्र बरीचशी तीच!

इतर ठिकाणचेही पुरावे आहेत. स्पेनमधल्या एल सिद्रोन इथल्या दातांवरच्या किटणात अळिंबी, चिलगोज्याच्या जातीची बी आणि शेवाळ यांचे अंश मिळाले, तर बेल्जियममधल्या स्पी इथल्या दातांत केसाळ गेंड्याचे. पोर्तुगालच्या किनाऱ्यावर हे लोक शिंपले, खेकडे, मासे खात. जर्मनीत नॉयमार्क-नॉर्डला सव्वा लाख वर्षांपूर्वी त्यांनी हत्ती मारून शिस्तीने सोलले. तेव्हा त्यांना खाता येत नव्हते असे म्हणण्यात अर्थ नाही.

मग ते गेले का? विद्वानांत एकमत नाही. हवामान सारखे पालटत होते, त्यांच्या टोळ्या लहान आणि विखुरलेल्या होत्या, शरीर धिप्पाड असल्याने रोज अधिक अन्न लागे. दोन्ही जातींनी युरोपात अंदाजे २,६०० ते ५,४०० वर्षे एकत्र काढली असे २०१४ साली काढलेल्या काळगणनेवरून दिसते. यात मला एझ्रा झुब्रो यांनी १९८९ साली मांडलेले गणित अस्वस्थ करते. मृत्यूच्या प्रमाणात शेकडा दोनचा फरक पडला, तरी तीसेक पिढ्यांत, म्हणजे हजारेक वर्षांत, एक जात संपू शकते. त्यासाठी युद्ध लागत नाही. एका कडक हिवाळ्यात एका बाजूच्या मुलांना एक हरण कमी मिळाले, एवढे पुरते. ते हरण दुसऱ्या कुणीतरी आदल्या दिवशी मारलेले असते आणि मारणारा आपल्या लेकरांना भरवत असतो. त्यात त्याचा दोष तो काय?

इथे माझेच एक सांगतो. तीस वर्षांपूर्वी एका शाळेत एकाच जागेसाठी आम्ही सहाजण मुलाखतीला बसलो होतो. जागा मला मिळाली. आईने देवापुढे साखर ठेवली. उरलेल्या पाचजणांचा विचार त्या दिवशी कुणी केला नाही, मीही नाही. पुढे त्याच शाळेचा मुख्याध्यापक झालो आणि कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या. त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी ती जुनी फाईल काढून पाहिली. दुसऱ्या क्रमांकावरच्या गृहस्थांना माझ्यापेक्षा दीड गुण कमी होता. मी काही लबाडी केली नव्हती. तरी 'मी लायक होतो म्हणून मिळाले' हे वाक्य, जे मी इतकी वर्षे बोलत होतो, ते दीड गुणावर उभे करताना जड जाते.

दोष आणि ऋण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे मला वाटू लागले आहे. दोष करणाऱ्याला लागतो. ऋण केवळ जगल्यामुळेही चढते. आपल्याकडे तर्पणात आपल्या पितरांबरोबर, ज्यांच्याशी काही नाते नाही अशांच्या नावानेही पाणी सोडतात. ही रीत घालणाऱ्यांना निअँडरथल कुठून ठाऊक असणार! पण शेजारची पंगत त्यांना दिसली होती.

आणि नाते अगदीच नाही असेही नाही. स्वांते पेबो यांच्या गटाने २०१० साली त्यांची जनुके वाचली, त्यांना २०२२ साली नोबेलही मिळाले. आफ्रिकेबाहेरच्या माणसांत शेकडा एक-दोन अंश त्यांचा आहे, म्हणजे तुमच्या-माझ्यातही आहे. कोविडचा आजार बळावण्याशी संबंधित असा एक जनुकीय तुकडा दक्षिण आशियातल्या जवळपास निम्म्या लोकांत आहे आणि तो त्यांच्याकडूनच आला, हे २०२० साली कळले. यावर काहीजण म्हणतात, मग ते मेलेच कुठे, ते आपल्यातच आहेत. हे सांत्वन मला पुरत नाही. शेकडा दोन अंश उरले म्हणजे ती माणसे उरली असे होत नाही.

त्याच शानिदार गुहेत १९५७ साली एका निअँडरथल पुरुषाचा सांगाडा मिळाला. उजवा हात निकामी, डाव्या डोळ्याच्या खोबणीवर जबर मार बसून भरलेला. असा माणूस शिकार काय करणार? तरी तो त्या दुखापतींनंतर बरीच वर्षे जगला, चाळिशी गाठली. कुणीतरी त्याला वाढत होते.

ती मुलगी आता दहावीत आहे. परवा व्हरांड्यात भेटली तेव्हा मी तिला थांबवून सांगितले, "तुझ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'हो' असे आहे." ती गोंधळून म्हणाली, "कुठला प्रश्न, सर?" मग मी तिला आधी भिजवलेल्या कडधान्यांची गोष्ट सांगितली.