खोट्याचा भार

आमच्या घराण्यात पोतदारी होती. गावाच्या वसुलीत आलेले नाणे पारखायचे, हिणकस बाजूला काढायचे, चोख तेवढे थैलीत भरायचे, हे पोतदाराचे काम. माझ्या वेळेपर्यंत ते वतन नावापुरतेही उरले नव्हते. मी सोलापुरात बँकेत रोखपाल झालो आणि आता सात रस्त्याजवळ राहतो. आजोबांनी मात्र लहानपणीच शिकवून ठेवले होते: नाणे आधी दगडावर टाकून नाद ऐकायचा, मग डोळ्यांनी बघायचे.

सुट्टीत नातू येतो आणि संगणकावर मध्ययुगातले खेळ खेळतो. त्यातला ‘स्कायरिम’ हा 2011 सालचा खेळ मी त्याच्या शेजारी बसून पाहिला. तिथे पाव घ्यायचा तर सोन्याचे नाणे, तलवार घ्यायची तर सोन्याचे नाणे, घर घ्यायचे तरी तेच. हजारो नाणी खिशात असली तरी वजन शून्य. “आजोबा, तेव्हा खरंच सगळे सोन्यानंच खरेदी करायचे?” त्याने विचारले.

तसे नव्हते. आपल्या दख्खनेत विजयनगरचा होन चालायचा, साधारण 3.4 ग्रॅम सोन्याचा. दहा हजार होन म्हणजे 34 किलो. ते न्यायला घोडा लागला असता आणि राखायला माणसे. बाजारहाट तांब्यावर चाले. शिवाजी महाराजांची तांब्याची शिवराई तर इंग्रजी अमलातही लोकांच्या हातात फिरत राहिली. शिवाय नाणे कोणाचे, यावरून रक्त सांडले आहे. फिरिश्ता सांगतो की बहमनी सुलतान पहिला मुहम्मदशहा (1358 ते 1375) याची नाणी दख्खनचे सराफ वितळवून टाकत, कारण त्यांचा ओढा होनाकडे होता. सुलतानाने त्यांना देहदंड दिला.

हे सगळे सांगून झाल्यावर मला जाणवले की नातवाला देण्याचे उत्तर अजून बाकीच आहे. खेळात धातू चुकला, वजन चुकले, हे दुरुस्त करता येईल. त्या जगात खोटे नाणे नाही, ही उणीव त्याहून खोल आहे. खोटे नाणे नसल्यामुळे तिथे कोणाला कोणावर विश्वास ठेवावा लागत नाही, आणि तो मोडला तर नुकसान कोणी सोसायचे हा प्रश्नच उठत नाही. माझ्या मते पैशाविषयीचा धर्माचा प्रश्न हाच आहे.

मुहम्मद तुघलकाची गोष्ट आपण वेडेपणाची म्हणून सांगतो. त्याने 1329-30 च्या सुमारास पितळेची आणि तांब्याची नाणी चांदीच्या टंक्याच्या भावाने चालवली. लोकांनी घरोघरी तशी नाणी पाडली आणि काही वर्षांतच बाजार बसला. पण त्यानंतर त्याने काय केले, हे फार कोणी सांगत नाही. ती नाणी खजिन्यात आणा आणि चांदी घेऊन जा, असा त्याने हुकूम काढला. खऱ्याबरोबर खोटीही आली असणार. तरी भार खजिन्याने उचलला. विश्वास ठेवा असे ज्याने सांगितले, त्यानेच किंमत मोजली. त्याच्या बाकी कारभाराबद्दल काहीही म्हणा, एवढा न्याय त्याला दिला पाहिजे.

माझ्या खिडकीवर असे होत नसे. विडी वळणारी एक बाई पाचशेची नोट घेऊन आली होती. बोटांना कागद लागला तेव्हाच कळले. नियमाप्रमाणे मी नोटेवर शिक्का मारला, ती ठेवून घेतली आणि पावती दिली. खोट्या नोटेचा मोबदला मिळत नाही. नोट छापणारा कुठे होता कोण जाणे. मधल्या अनेक हातांनी ती पुढे सरकवली, काहींनी नकळत, काहींनी जाणून. शेवटी तो सगळा खोटेपणा त्या बाईच्या हजारो विड्यांच्या मजुरीवर येऊन बसला. नियम योग्य होता आणि तरीही तो अन्याय होता, असे मी आजही मानतो.

म्हणून आमच्या जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा मला नुसती चमत्काराची वाटत नाही. बहमनी अमलात दुष्काळ पडला आणि पंतांनी परवानगी न घेता सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी उघडली. हिशेबाच्या भाषेत ते गुन्हेगारच. परंपरा सांगते की विठ्ठल विठू महाराचे रूप घेऊन बेदरला गेला, धान्याची पूर्ण किंमत भरली आणि पावती घेतली. ज्याने जग निर्माण केले त्याला बादशहाचे मन पालटता आले असते, दप्तरातली नोंद पुसता आली असती. कथेतला देव तसे करत नाही. तो राजाच्याच नाण्यात, राजाच्याच दरबारात, पैन्‌पै चुकती करतो. दया केली म्हणून देणे नाहीसे होत नाही. कोणीतरी ते आपल्या अंगावर घ्यावे लागते, असे ही कथा मला शिकवते. आणि ते घेण्यासाठी देवाने रूप निवडले ते ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले त्याचे.

नातवाने मला आणखी एक खेळ दाखवला, ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’. 2018 साली आलेला, 1403 सालच्या बोहेमियात घडणारा. तिथे चांदीचे ग्रोशन आहेत, आणि कथेत नकली ग्रोशन पाडणाऱ्यांचा माग काढावा लागतो. ते पाहून मला मनापासून बरे वाटले. कोणीतरी हा प्रश्न ओळखला आहे.

त्याच्या पुढची पायरी मला हवी आहे. कोणी मराठी मुलाने मंगळवेढ्याचा खेळ बनवावा. खेळणाऱ्याच्या थैलीत एक खोटा होन यावा आणि समोर धान्य विकणारी म्हातारी असावी. तो होन तिला द्यायचा, की आपल्या हातात थांबवून नुकसान सोसायचे, हे त्याने ठरवावे. थांबवला तर खेळाने त्याला बक्षीस देऊ नये. नुकसान नुकसानच राहू द्यावे, कारण भरपाई मिळाली की त्याने उचललेला भार उरतच नाही.