रक्ताची साक्ष

फिट पुन्हा येऊ लागल्या की डॉक्टर 'लेव्हल करून आणा' म्हणतात. फेनिटॉइन या फिटवरच्या औषधाची रक्तातली पातळी मिलिलिटरमागे १० ते २० मायक्रोग्रॅम असावी अशी अपेक्षा असते आणि अहवालात येते ४. मग घरातले सगळे रुग्णाकडे बघू लागतात. गोळ्या वेळेवर घेतो असे तो शपथेवर सांगतो, कागद मात्र वेगळेच सांगतो. वरवर पाहता हा वैद्यकाचा प्रश्न आहे, पण आपल्या दर्शनांनी तो प्रमाणांचा, म्हणजे ज्ञानाच्या साधनांचा, प्रश्न म्हणून कधीच हाताळून ठेवला आहे: शब्द आणि अनुमान यांत विरोध आला तर खरे कोणाचे मानायचे? माझ्या मते अहवालातला आकडा हा अनुमानाचा आधार आहे, निवाडा नव्हे. माणसाचे बोलणे खोटे ठरवण्याइतके बळ त्या एकट्या आकड्यात क्वचितच असते.

नैयायिकांचा डोंगरावरचा धूर सर्वांच्या परिचयाचा आहे, त्याची उलट बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. धुरावरून अग्नी कळतो, अग्नीवरून धूर कळत नाही, कारण लाकूड ओले असेल तरच धूर होतो. गोळ्या चुकवल्या की पातळी उतरते हे खरे, पण पातळी उतरली म्हणजे गोळ्या चुकवल्याच असे म्हणणे हे अग्नी पाहून धूर सांगण्यासारखे आहे. फेनिटॉइनचा सुमारे ९० टक्के भाग रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून असतो. कुपोषणाने किंवा यकृताच्या आजाराने अल्ब्युमिन घटले की एकूण आकडा खाली येतो, पण मेंदूपर्यंत पोचणारा मोकळा भाग पुरेसा असू शकतो. गरोदरपणात लॅमोट्रिजिन या फिटवरच्या दुसऱ्या औषधाची पातळी निम्म्यावरही येते, गोळी एकही न चुकता. क्षयासाठी रिफॅम्पिसिन सुरू केले की यकृत कार्बामाझेपिन या फिटवरच्याच औषधाचा निचरा भराभर करू लागते. हेतू, म्हणजे खूण, साध्याबरोबरही, म्हणजे जे सिद्ध करायचे त्याबरोबरही, आढळतो आणि साध्य नसतानाही आढळतो, तेव्हा न्यायशास्त्र त्याला सव्यभिचार हा हेत्वाभास, म्हणजे फसवा हेतू, म्हणते. सुनेच्या हातात असा अहवाल देऊन 'हीच गोळ्या टाकून देते' म्हणणारे घर नेमका हा हेत्वाभास करत असते.

बरे, १० ते २० ही रेषा तरी कोणाची? ती समूहाच्या निरीक्षणातून आली आहे. कुणी ७ वर वर्षानुवर्षे फिटशिवाय राहतो, कुणाला १८ वर झोकांड्या जातात. ज्या पातळीवर ती व्यक्ती बरी असते, ती तिची पातळी, असे आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या २००८ च्या मार्गदर्शनातही मानलेले आहे. इटलीत १८० नव्या रुग्णांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आकडा पाहून मात्रा ठरवलेला गट आणि लक्षणे पाहून मात्रा ठरवलेला गट यांच्या फिट थांबण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. त्यात फेनिटॉइनवरचे रुग्ण थोडेच होते, तेव्हा हा निष्कर्ष त्या औषधापर्यंत ओढू नये.

यावर सर्वांत सबळ आक्षेप असा की फिटच्या वेळी रुग्ण अनेकदा शुद्धीवरच नसतो, मग त्याच्या शब्दाला प्रमाण कसे मानायचे? शिवाय माणसे विसरतात, खोटेही बोलतात. आक्षेप खरा आहे. लहान मूल किंवा बेशुद्ध रुग्ण असेल तर रक्तच बोलते. फेनिटॉइनच्या बाबतीत यकृताची क्षमता संपली की मात्रेतली थोडीशी वाढही पातळी कितीतरी वर नेते, तिथे तपासणीवाचून चालणे धोक्याचे. पण ब्रिस्बेनमध्ये १९६८ च्या सुमारास काय घडले ते पाहावे. फेनिटॉइनची मात्रा तीच असताना रुग्ण लडखडू लागले. कॅप्सूलमधल्या कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज आले होते आणि औषध जास्त शोषले जात होते. वाढलेल्या पातळीने तिथे रुग्णांची तक्रार खरी ठरवली, पण आधी तक्रार ऐकून घेतली गेली म्हणूनच ना? राहिला खोट्याचा मुद्दा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे झटके १९९९ पर्यंत विवाहाच्या आड येणाऱ्या कारणांत होते. खरे बोलण्याची एवढी किंमत लावल्यावर लपवाछपवीचा सगळा दोष रुग्णावर टाकता येत नाही. आणि गोळ्या खरोखरच सुटल्या असतील, तरी त्या पैशांअभावी सुटल्या, गुंगीमुळे की निर्जळी उपवासामुळे, हे रक्त सांगत नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानात रक्ताचीही एक परीक्षा आहे. बाहेर पडलेले रक्त शुद्ध की रक्तपित्त या रोगाचे अशी शंका आली तर कुत्रा-कावळा ते खातो का हे पाहावे. हे अनुमानच. पण त्याच ठिकाणी रोग्याच्या तोंडाची चव मात्र रोग्यालाच विचारून जाणावी असे सांगितले आहे. किळसवाण्या परीक्षाही ज्यांनी टाळल्या नाहीत, त्यांनाही विचारण्याला पर्याय सापडला नाही.

तेव्हा घरात 'कमी' असा अहवाल आला तर आधी विचारा: रक्त सकाळच्या गोळीआधी दिले की नंतर, दुसरे औषध चालू झाले आहे का, जुलाब-उलट्या झाल्या का, गुंगी येते का. उत्तरे कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. आणि तोवर गोळी आपल्या मनाने वाढवू नका, बंदही करू नका.